सूनबाईंचे आजोळ आणि विहीणबाईंचे मौन

प्रश्न : आमचा मुलगा बरीच वर्षे कॅलिफोर्नियात आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या, चिनी वंशाच्या मुलीशी लग्न केले. सून शहाणी आणि मायाळू आहे. मे महिन्यात ती बाळंत होईल आणि त्यासाठी मी मार्चअखेरीस तिकडे जाणार आहे. दिवस राहिल्यापासून तिला एकच ध्यास लागला आहे, तो म्हणजे आईकडून आपला वारसा समजून घेण्याचा. लहानपणी ती शनिवारची चिनी शाळा बुडवत असे, डब्यातले जेवण मैत्रिणींपासून लपवत असे, आईशी हट्टाने इंग्रजीतच बोलत असे, आणि आता या सगळ्याचे तिला फार वाईट वाटते. दोन वर्षे शिकवणी लावून ती मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा, शिकली. पण आईशी त्या भाषेत बोलू लागली, तर आईने इंग्रजीत उत्तर देऊन विषय बदलला. माझ्या विहीणबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांचा जन्म दक्षिण चीनमधल्या तोइसानचा. आईबरोबर त्या हाँगकाँगला गेल्या, तिथून १९६८ साली अमेरिकेत वडिलांकडे आल्या आणि पुढे सारा जन्म चायनाटाउनमधल्या शिवणकारखान्यात राबल्या. सुनेचे वडील हयात नाहीत. गावाविषयी काही विचारले, की विहीणबाई ‘आता ते कशाला’ एवढेच म्हणतात. आजोबांच्या थडग्यावर इंग्रजीत एक आडनाव आणि चिनी अक्षरांत दुसरेच कसे, असे सुनेने एकदा विचारले, तर त्यांनी कितीतरी दिवस अबोला धरला. सून मला म्हणते, ‘तुम्ही सगळे जपलेत, आमचेच का हरवले?’ मुलाला वाटते, की या वयात हे सारे शिकणे म्हणजे उशिरा सुचलेला हट्ट आहे. मी विहीणबाईंशी बोलून पाहू का? शिवाय बाळंतपण आपल्याच पद्धतीने करणार, असे त्यांनी कळवले आहे. आम्ही शाकाहारी आहोत, आणि माझी डिंक-खारीक, अळिवाची तयारी झाली आहे. मी काय करावे?
— होऊ घातलेली आजी, ठाणे

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. विहीणबाईंशी या विषयावर बोलू नका. निदान ‘तुमची मुलगी तुमच्याकडून शिकू इच्छिते, तिला काही सांगा’ अशी रदबदली तरी मुळीच करू नका. त्याऐवजी तिकडे जाऊन त्यांच्या हाताखाली काम करा. असे का म्हणते, हे समजण्यासाठी तुमच्या पत्रातल्या त्या थडग्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण माझ्या मते या घरातल्या मौनाचे मूळ तिथे आहे आणि तुम्ही ते अगदी ओघात लिहून गेला आहात.

अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली आणि ती १९४३ पर्यंत बंद ठेवली. चिनी स्त्रियांची वाट तर त्याआधीच, १८७५ च्या कायद्याने, जवळजवळ बंद झाली होती. अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस मात्र तिथला नागरिक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली मान्य केले होते आणि अशा नागरिकाच्या मुलांना देशात येण्याचा हक्क होता. पुढे १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को शहराची जन्मनोंदणीची दप्तरे जळाली. त्यानंतर अनेकांनी आपला जन्म इथलाच असल्याचे सांगून नागरिकत्व मिळवले, चीनमध्ये आपल्याला इतके मुलगे आहेत असे नोंदवले आणि त्या न जन्मलेल्या मुलग्यांची नावे गावाकडच्या तरुणांना विकली. अशा तरुणांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. ते दुसऱ्याचे आडनाव घेऊन बोटीत बसत, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात जी तपासणी चौकी होती तिथे त्यांची उलटतपासणी होई : तुमच्या गावात घरांच्या किती ओळी, विहीर कोणत्या बाजूला, शेजारच्या घरात कोण राहते, आजीचे पाय जुन्या चिनी रीतीप्रमाणे लहानपणी बांधलेले होते का. या प्रश्नांची उत्तरे पाठ करण्यासाठी लिहून आणलेल्या वह्या बंदर येण्यापूर्वी समुद्रात टाकून दिल्या जात. एखादे उत्तर चुकले, तर माणसाला आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने, बेटावर अडकून पडावे लागे किंवा परत जावे लागे.

अशा माणसाच्या थडग्यावर पुष्कळदा दोन आडनावे आढळतात. इंग्रजीतले आडनाव सरकारी कागदांवरचे असते आणि चिनी अक्षरांतले आडनाव खरे, जन्माचे असते. सरकारने १९५६ पासून सुमारे दहा वर्षे कबुलीजबाबाची योजना राबवली. तिच्यात खरे नाव सांगणाऱ्याला राहण्याची परवानगी मिळण्याची शक्यता असे. पण एकाने तोंड उघडले, की त्याच कागदांवर आलेले भाऊ, पुतणे, गाववाले असे सगळेच उघडे पडत. म्हणून कित्येकांनी कधीच काही सांगितले नाही आणि आपल्या मुलांनाही ‘घरातले बाहेर बोलू नका’ हेच शिकवले. विहीणबाईंच्या वडिलांची कथा नेमकी हीच असेल असे मी इथे बसून ठामपणे म्हणू शकत नाही. परंतु तोइसानचा माणूस, मुलगी मोठी होईपर्यंत अमेरिकेत एकटा राहिलेला, आणि दगडावर दोन आडनावे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मला दुसरे काही सुचत नाही. तेव्हा लक्षात घ्या, सुनेने सहज कुतूहलाने विचारलेला प्रश्न तिच्या आईच्या कानांना कोणाच्या आवाजात ऐकू आला असेल. ज्या घरात प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे सरकारी अधिकारी आणि चुकलेले उत्तर म्हणजे कुटुंबाची ताटातूट, त्या घरातल्या बाईला समोर बसवून, फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून, ‘आई, तुझी गोष्ट सांग ना’ असे म्हणणे ही चांगली सुरुवात नव्हे.

आता विहीणबाईंच्या आईकडे पाहू, कारण सुनेच्या आजोळची खरी कथा तिथे आहे आणि कागदोपत्री तीच सर्वांत कमी सापडते. पर्ल नदीच्या मुखाजवळच्या तोइसान आणि आसपासच्या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कॅलिफोर्नियाला जात. त्या मुलखाला ते ‘सोन्याचा डोंगर’ म्हणत, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या बायकांना ‘सोन्याच्या डोंगरवाल्यांच्या बायका’. या बायका नवऱ्याच्या पत्रावर आणि पैशावर दहा-दहा, वीस-वीस वर्षे काढत, सासू-सासऱ्यांचे करत, आणि नवरा अधूनमधून येऊन गेला तर पदरात एखादे मूल उरे. नवऱ्यांकडून येणाऱ्या पैशाने घरे उभी राहिली. शेजारच्या कायपिंग तालुक्यातले बहुमजली बुरूजवाडे याच पैशाचे, ते २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण १९४९ साली कम्युनिस्टांची सत्ता आल्यानंतर हाच पैसा अंगाशी आला. जमीनसुधारणेच्या मोहिमेत परदेशी पैशावर जगणाऱ्या अनेक कुटुंबांना जमीनदार ठरवून त्यांचे हाल केले गेले. त्यापाठोपाठ १९५९ ते १९६१ चा भीषण दुष्काळ आला. १९६२ च्या उन्हाळ्यात लोकांचे लोंढेच्या लोंढे हाँगकाँगकडे निघाले होते. विहीणबाईंचे वय आणि मार्ग पाहता त्यांचे सारे बालपण याच काळात येते. आपण ज्याला वारसा म्हणतो, ते त्यांच्या आठवणीत कदाचित भूक, भीती आणि मागे सोडलेली माणसे यांच्याशी इतके गुंतलेले असेल, की एक धागा ओढला तर काय काय बाहेर येईल हे त्यांनाही ठाऊक नसेल.

‘तुम्ही जपलेत, आमचे हरवले’ या सुनेच्या वाक्याचे उत्तर यातच आहे, आणि हे उत्तर मात्र तुम्ही तिला स्पष्टपणे द्या. आपल्या मुलांनी वारसा जपला तो काही आपल्या अंगच्या गुणामुळे नव्हे. आपल्या लोकांनाही अमेरिकेने १९१७ साली मज्जाव केला होता आणि १९४६ मध्ये दार उघडले तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. परंतु आज तिथे गणपती बसवणारी बहुतेक मराठी कुटुंबे १९६५ च्या नव्या कायद्यानंतर, पदव्या घेऊन, खऱ्या नावाने आणि उघडपणे तिकडे गेली, आणि दर एक-दोन वर्षांनी सुट्टीला इकडे येत राहिली. त्यांना घर लपवावे लागले नाही. विहीणबाईंनी मुलीला इंग्रजीत वाढू दिले, तोइसानी शिकवण्याचा आग्रह धरला नाही, यात हयगय नाही. आपल्या मुलीकडे कोणी बोट दाखवू नये, तिला कोणी अडवू नये, एवढीच त्यामागची इच्छा असणार. सूनबाईंच्या मनातला अपराधीपणा आणि आईवरचा राग या दोन्ही गोष्टी या एका समजुतीने बऱ्याच हलक्या होतील, असे मला वाटते.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे सूनबाईंची दिशा चुकली आहे आणि ती चूक फार सार्वत्रिक आहे. तिने मँडरिन शिकून आईशी बोलून पाहिले. पण ती आईची भाषा नव्हेच. विहीणबाईंची बोली तोइसानी. ती कँटोनीजच्या कुळातली खरी, पण कँटोनीज माणसालाही ती सरावाशिवाय नीट समजत नाही, आणि मँडरिनवाल्याला तर मुळीच नाही. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या चायनाटाउनांमध्ये हीच बोली सर्वत्र चाले. पुढे हाँगकाँगहून आलेल्यांची कँटोनीज वरचढ झाली आणि अलीकडे मँडरिन. तोइसानी ही खेडवळांची बोली, असे हाँगकाँगमध्ये आणि चायनाटाउनमध्ये विहीणबाईंनी आयुष्यभर ऐकले असेल. सूनबाई ज्या शनिवारच्या शाळेतून पळत होत्या, तिथेही बहुधा तोइसानी शिकवत नसतील. अशा बाईपुढे मुलगी शिकवणीतली शुद्ध मँडरिन बोलू लागली, तर ‘तुझ्या आईची भाषा शिकण्याजोगी नव्हती’ हेच पुन्हा एकदा तिच्या कानी पडते. मँडरिन वाया गेली असे नाही. उद्या ग्वांगडाँग प्रांतात, म्हणजे आईच्या मुलखात, जायचे झाले तर ती उपयोगी पडेलच. पण आईशी बोलण्यासाठी सूनबाईंनी आता शिकवणी बंद करून आईलाच गुरू करावे. तोइसानीची चांगली पाठ्यपुस्तके सहजी मिळत नाहीत, ही अडचण इथे उपकारक आहे, कारण शिकायचे तर आईकडूनच शिकावे लागेल. व्याकरण नको. बाळाला झोपवताना काय म्हणतात, हात धू, हळू खा, इकडे ये, एवढ्यापासून सुरुवात करावी. नातवंडाशी आपल्या बोलीत बोलायला कोणत्याही आजीला संकोच वाटत नाही. मुलीशी जे बोलले गेले नाही, ते मुलीच्या देखत बाळाशी आपोआप बोलले जाईल, आणि सूनबाईंनी तेव्हा फक्त तिथे असावे.

आणखी एक गोष्ट सूनबाईंच्या नजरेतून निसटते आहे. वारसा म्हटले की तिला गाव, पूर्वज, सणवार आठवतात. रेशमी चिपाओ घालून छायाचित्र काढावे असेही तिला वाटत असेल, आणि त्यात गैर काही नाही, पण तोइसानच्या शेतकरी घरातल्या मुलीने तो पोशाख कधी अंगावर घातला असेल का, याची मला शंकाच आहे. मात्र आईने ज्या कारखान्यात हयात घालवली तो कारखाना तिला वारसा वाटत नाही. चायनाटाउनच्या शिवणकारखान्यांत बायका नगावर मजुरी घेत. शाळा सुटल्यावर त्यांची मुले तिथेच कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास करत आणि संध्याकाळी त्याच बायका भाजी घेऊन घरी जाऊन रांधत. या बायका मुकाट होत्या असेही नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९३८ साली शिवणकामगार स्त्रियांनी सुमारे साडेतीन महिने संप चालवला होता, आणि न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये १९८२ साली जवळजवळ वीस हजार कामगार, त्यांतल्या बहुतेक स्त्रियाच, रस्त्यावर उतरल्या होत्या. ज्या विहीणबाई गावाचे नाव काढले की गप्प होतात, त्या कॉलर बसवावी कशी, कोणती मुकादमीण हिशेबात लबाडी करत असे, कोण मैत्रीण डब्यात काय आणी, यावर कदाचित मोकळेपणाने बोलतील. बाळासाठी दुपटी आणि झबली शिवायचीच आहेत. तुम्ही विहीणबाईंकडे कापड घेऊन जा आणि त्यांनाच बेतायला सांगा. त्या मशीनवर बसतील तेव्हा सूनबाईंना शेजारी बसवा.

आता बाळंतपणाकडे येते. ते विहीणबाईंचेच आहे, हे आधी मनाशी मान्य करा. आपल्याकडेही पहिले बाळंतपण माहेरचेच असते, मग तिथे वेगळा नियम कशाला? चिनी घरांत बाळंतिणीने ‘महिना बसायचे’ असते : बाहेर पडायचे नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार काही खायचे नाही, आल्याचा सढळ वापर, डोके धुण्यावर बंधने. वाचताना तुम्हालाच हसू येईल, कारण शेगडी, शेक, धुरी, कानाला बांधलेला रुमाल हे सगळे तुम्ही स्वतः भोगलेले आहे. कँटोनीज आणि तोइसानी घरांत या महिन्याचा मुख्य पदार्थ म्हणजे काळ्या गोड व्हिनेगरमध्ये जून आले, डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी घालून मातीच्या भांड्यात शिजवलेला प्रकार. त्याची तयारी बाळंतपणाच्या आधीच सुरू होते, आणि आपल्याकडे पेढे-बर्फी वाटतात तसा तो नातलगांना, शेजाऱ्यांना वाटला जातो. त्याचा वास घरभर राहील. तुम्ही शाकाहारी आहात आणि तुम्हाला तो खावा लागणार नाही, पण त्या महिन्यात त्या स्वयंपाकघरात नाकाला पदर लावू नका, आणि मुलालाही तशी ताकीद द्या. ज्या मुलीने लहानपणी लाजेने डबा लपवला, तिने आईचे हे भांडे चुलीवर चढलेले पाहताना सासूच्या चेहऱ्यावर काय दिसते, याला फार महत्त्व आहे. तुम्हाला हात लावायचा असेल तर आले सोला. किलोच्या हिशेबात आले लागते, आणि ते सोलायला दुसरे माणूस मिळाले तर विहीणबाईंना बरेच वाटेल.

डिंकाचे लाडू अवश्य न्या, पण बाळंतिणीसमोर न ठेवता आधी विहीणबाईंसमोर ठेवा, त्यात काय काय आहे ते दाखवा आणि यातले तिला चालेल का, असे विचारा. बाळंतिणीच्या खाण्याबद्दल निर्णय त्यांचा. तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी हाही त्यांच्याकडचा एक प्रकार आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला तो कितपत द्यावा, हे तिच्या डॉक्टरांना विचारावे आणि ते विचारण्याचे काम तुमच्या मुलाने करावे, तुम्ही नव्हे.

तुम्ही दोघी सारख्या वयाच्या, मोडक्या इंग्रजीवर भागवणाऱ्या, एकाच बाळाच्या आज्या आहात. मुलीला जे सांगता येत नाही ते बाई अनेकदा अशा परक्या पण समवयस्क बाईला सांगते, कारण तिच्या डोळ्यांत अपेक्षा नसते. तुमच्या लहानपणीचे, तुमच्या आईचे, रेशनच्या रांगेचे चार शब्द तुम्ही आधी सांगा. बदल्यात काही मागू नका. त्यांनी काही सांगितलेच, तर ते संध्याकाळी सुनेला जाऊन सांगण्याचा मोह टाळा. एकदा जरी त्यांना कळले की तुम्ही बातमीदार आहात, तर ते दार बंद होईल. त्यापेक्षा आपले बोलणे सुनेच्या कानावर पडेल अशा ठिकाणी बसा.

बारशाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. बाराव्या दिवशी पाहुणे जमवणे विहीणबाईंना रुचणार नाही, कारण त्यांच्या पद्धतीत महिनाभर बाळ-बाळंतिणीभोवती गर्दी नको असते आणि महिना पूर्ण झाला की मेजवानी असते, लाल रंगवलेली अंडी आणि आले वाटून. आपल्यातही कित्येक घरी बारसे सवा महिन्याने करतात. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करा. आणि माझी एक सूचना अशी, की बाळाचे चिनी नाव विहीणबाईंनी ठेवावे. रीतीप्रमाणे हा मान बापाकडच्या वडीलधाऱ्यांचा असतो, आणि पुष्कळ घराण्यांत पिढीदर्शक अक्षरही ठरलेले असते. मुलीची आई त्यात कुठेच नसते. तुम्ही, म्हणजे बापाकडची आजी, होऊन हा मान त्यांच्याकडे सोपवलात तर त्याचे मोल त्यांना बरोबर कळेल. नाव निवडताना त्या कोणते अक्षर का घेतात, कोणाच्या नावातले घेतात, हे त्या आपणहून सांगतील, आणि सूनबाईंना ज्या आजीचे नावही नीट ठाऊक नसेल तिचे नाव कदाचित याच निमित्ताने कानावर येईल. पाळण्यात आत्या मराठी नाव सांगेल, पाठोपाठ विहीणबाईंनी चिनी नाव सांगावे.

तुम्ही पोचाल त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिलच्या चार-पाच तारखेला, छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येईल. त्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोची चिनी कुटुंबे शहराच्या दक्षिणेला कोल्मा गावच्या दफनभूमीत जाऊन पूर्वजांची थडगी झाडून-पुसून स्वच्छ करतात, संत्री, भाजलेले मांस, चहा ठेवतात, कागदी पैसे जाळतात आणि तीनदा वाकून नमस्कार करतात. सूनबाईंना या वर्षी जाण्याची फार ओढ लागेल. परंतु गरोदर बाईने थडग्यांपाशी जाऊ नये, असा त्यांच्याकडे संकेत आहे. विहीणबाई नको म्हणाल्या तर सूनबाईंनी ते निमूटपणे ऐकावे. वारसा हवा असेल तर त्यातले न पटणारेही काही पाळावे लागते. तिच्याऐवजी तुमच्या मुलाने सासूबाईंना गाडीतून न्यावे, पाणी आणावे, दगड पुसावा आणि काही विचारू नये. अशा दगडांवर चिनी अक्षरांत बहुधा मूळ तालुक्याचे आणि गावाचे नावही कोरलेले असते. विहीणबाईंची हरकत नसेल तर त्याने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते सूनबाईंकडे जपून ठेवायला द्यावे. गावाचे नाव अक्षरांत हाती असल्याशिवाय पुढचा कोणताही शोध सुरू होत नाही.

पुढचा शोध म्हणजे काय, तेही सांगून ठेवते, पण तो पुढच्या वर्षीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच सॅन ब्रुनो गावात अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा आहे आणि त्या बंदीच्या काळातल्या हजारो चिनी माणसांच्या फायली, उलटतपासणीच्या उताऱ्यांसह, तिथे पाहता येतात. आजोबांचे कागदावरचे नाव, आल्याचे वर्ष आणि बोटीचे नाव एवढे माहीत असेल तर फाइल सापडण्याची चांगली शक्यता असते. मात्र कागदी मुलाच्या फायलीतले आईबाप, भाऊ, घर यांतले बरेचसे रचलेले असते, हे विसरू नये. त्यातली बायकोची नोंदही पूर्ण नसते. त्या काळच्या कागदांत बायकांच्या नावापुढे ‘शी’ असे जे दिसते ते नाव नव्हे, ती कोणत्या आडनावाच्या घरात जन्मली एवढीच ती खूण आहे. गावाकडच्या वंशावळींत तर मुलींची नावे बहुधा घालतच नसत आणि त्यांतल्या कित्येक वंशावळी १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जाळल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९९१ पासून तरुणांना आधी असे संशोधन करायला लावून मग पर्ल नदीकाठच्या पूर्वजांच्या गावी नेणारा एक उपक्रम चालत आला आहे. त्या धर्तीवर सूनबाईंनी कधीतरी जावे. पण आईच्या संमतीवाचून त्यांनी आजोबांची फाइल मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याने त्यांना ती मागवता येईल. पण जे नाव घरात तीन पिढ्या झाकून ठेवले, ते आईला न सांगता टपालातून घरी येणे बरे नाही. आई ‘नको’ म्हणाली तर थांबावे. बाळ मोठे होईपर्यंत आईचे मत बदलेलही, किंवा बदलणार नाही.

तुमच्या मुलाच्या मताबद्दल फार लिहीत नाही. पस्तिशीच्या आसपासची बाई, आई हयात असताना, आईची भाषा शिकू पाहते, याला उशीर म्हणत नाहीत. त्याला एवढेच सांगा, की सूनबाईंना सगळे मिळणार नाही हे खरे आहे. ती कधीच तोइसानी अस्खलित बोलणार नाही, आजीचे सारे आयुष्य तिला कळणार नाही, आणि आईने न सांगितलेल्या काही गोष्टी आईबरोबरच जातील. पण जूनमध्ये विहीणबाई जुंग करायला बसतील, म्हणजे बांबूच्या पानांत चिकट तांदूळ, शेंगदाणे, खारवलेल्या अंड्याचा बलक आणि लाप चाँग, म्हणजे डुकराच्या मांसाचे सुकवलेले सॉसेज, भरून, दोरीने बांधून तासन्‌तास उकडतील, तेव्हा पान दुमडायचे कसे हे तिला त्यांच्या हाताकडे पाहून शिकता येईल, आणि त्यासाठी भाषा लागत नाही. तुमच्यासाठी दोन-चार नुसत्या शेंगदाण्यांचे आणि मुगाचे करायला सांगा, तसेही करतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती कोणी सांगणार नाही. महिना पूर्ण झाल्याच्या मेजवानीत बाळाला पैसे देताना ते लाल पाकिटात द्या, त्यांच्याकडे त्याला लाय सी म्हणतात. आपल्या सवयीप्रमाणे शंभरावर एक मात्र ठेवू नका. वरचा एक त्यांच्याकडे मर्तिकाच्या पाकिटात घालतात, आणि चारचा आकडाही टाळतात. अठ्ठ्याऐंशी डॉलर द्या.